अमळनेरची शाळा आणि साने गुरुजी

विशेष प्रतिनिधी

जुन्या वास्तूंची वारसा यादी तयार करताना अभ्यासक काही ठरावीक निकष लावतात. वास्तूचे वय किती, शैली कोणती, दगड कोठला, लाकूडकाम कोणत्या प्रतीचे, आराखड्यात वेगळेपण काय, हे सारे पाहिले जाते. मुंबईत १९९५ मध्ये वारसा नियमावली लागू झाली आणि वास्तूंची तीन श्रेणींत विभागणी झाली. त्या नियमावलीने आणखी एक निकष मान्य केला. एखाद्या थोर व्यक्तीचा वा घटनेचा त्या वास्तूशी आलेला संबंध, हा तो निकष होय. दगड-विटांची मोजदाद टेपने करता येते. माणसाच्या वास्तव्याची कशी करावी, हा प्रश्न मात्र तेथेच सुरू होतो.

खानदेशात हा प्रश्न सर्वाधिक लागू पडतो तो अमळनेरच्या शाळेला. प्रताप हायस्कूल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शाळेत पांडुरंग सदाशिव साने हा तरुण शिक्षक १९२४ मध्ये दाखल झाला आणि १९३० मध्ये बाहेर पडला. शिक्षकी पेशात त्याने काढलेली वर्षे एवढीच, जेमतेम सहा. पण या सहा वर्षांनी त्याला जे संबोधन दिले, ते आयुष्यभर आणि आयुष्यानंतरही त्याच्या नावाला चिकटून राहिले. महाराष्ट्र त्याला साने गुरुजी म्हणून ओळखतो. लेखक, सत्याग्रही, संपादक, किसान-कामगारांचा नेता अशा अनेक भूमिका त्यांनी पुढे पार पाडल्या. लोकांनी मात्र 'गुरुजी' हीच पदवी कायम ठेवली.

कापसाच्या गावातील विद्यामंदिरे

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या अमलाखाली आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे येथे मुख्य ठाणे केले आणि जिल्ह्याचा कारभार तेथून चालू लागला. १८६० च्या दशकात रेल्वे खानदेशात पोहोचली. त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला आणि खानदेशच्या काळ्या जमिनीतील कापसाला सोन्याचा भाव आला. जळगाव हे व्यापारी शहर म्हणून वाढले ते या काळात. १९०६ मध्ये जिल्ह्याचे विभाजन होऊन जळगाव पूर्व खानदेशचे आणि धुळे पश्चिम खानदेशचे मुख्यालय झाले. बोरी नदीच्या काठी वसलेले, सखाराम महाराजांच्या वाडीसाठी वारकरी संप्रदायात प्रसिद्ध असलेले अमळनेर पूर्व खानदेशात राहिले; पण अंतराने ते धुळ्यालाच अधिक जवळ. सुरत-भुसावळ लोहमार्गाने त्याला गुजरातशीही जोडले होते.

कापसाचा पैसा पुढे गिरण्यांत गेला आणि गिरण्यांतील काही भाग शिक्षणात आला. अमळनेरात हे घडवून आणणारे नाव म्हणजे श्रीमंत प्रताप शेठ. त्यांनी कापडगिरणी चालवली, १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले आणि गावातील शिक्षणसंस्थेला भरघोस साहाय्य दिले. शाळेला, पुढे १९४५ मध्ये सुरू झालेल्या महाविद्यालयाला त्यांचेच नाव मिळाले. सरकारने शाळा काढावी आणि लोकांनी मुले पाठवावीत, या पद्धतीऐवजी गावाने शाळा उभी करावी आणि सरकारने तिला मान्यता द्यावी, अशी नवी रीत विसाव्या शतकाच्या प्रारंभी महाराष्ट्रभर रूढ होत होती. अमळनेर हे तिचे ठळक उदाहरण होय.

त्या पिढीतील खानदेशी शाळांची बांधणी हवामानाने ठरवली होती. येथे उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. म्हणून भिंती जाड, छत उंच, वर्गांपुढे लांब ओसरी आणि भिंतीच्या माथ्याशी गरम हवा बाहेर जाण्यासाठी झरोके. पायाला आणि जोत्याला परिसरात मुबलक मिळणारा काळा पाषाण, तुळयांना सागवान, वर मंगलोरी कौले. मधोमध एखादे सभागृह असे; तेथे सकाळी प्रार्थना, दुपारी परीक्षा आणि सायंकाळी व्याख्यान होई. मुंबईतील विद्यापीठाच्या इमारतीसारखे गॉथिक मनोरे आणि रंगीत काचा या शाळांच्या वाट्याला आल्या नाहीत. २०१८ मध्ये युनेस्कोने मुंबईतील त्या इमारतींना जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो योग्यच होता. परंतु तालुक्याच्या गावात लोकवर्गणीतून व देणग्यांतून उभ्या राहिलेल्या शाळांचा वारसा वेगळ्या जातीचा आहे. त्यांची शोभा उपयोगात आहे आणि त्यांचा इतिहास त्यांच्या वर्गांत बसलेल्या मुलांत आहे.

पालगड ते अमळनेर

साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड येथे झाला. घराणे खोतांचे, पण वैभव ओसरलेले. वडील सदाशिवराव लोकमान्यांच्या राजकारणाचे अभिमानी, आई यशोदाबाई कष्टाळू आणि करारी. पुढे अवघ्या महाराष्ट्राच्या परिचयाची झालेली श्यामची आई ती हीच.

शिक्षणासाठी या मुलाने केलेली पायपीट ध्यानात घेतली, तर पुढील शिक्षक समजतो. पालगडची प्राथमिक शाळा, दापोलीची मिशन शाळा, गरीब विद्यार्थ्यांची सोय होते असे ऐकून गाठलेले औंध संस्थान, तेथे प्लेगची साथ आल्यावर पुणे आणि नूतन मराठी विद्यालय. कधी हाताने स्वयंपाक, कधी दुसऱ्याच्या घरचे अन्न, कधी उपवास. १९१७ मध्ये आई गेली, तेव्हा हा मुलगा घरापासून दूर होता. अखेरच्या क्षणी तिच्याजवळ नसल्याची खंत त्यांना जन्मभर पुरली. पुण्याच्या न्यू पूना कॉलेजातून, म्हणजे आजच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयातून, १९२२ मध्ये ते बी. ए. झाले.

पदवीनंतर १९२३ मध्ये ते अमळनेरात आले ते शिक्षक म्हणून नव्हे. तत्त्वज्ञान मंदिरात शिष्यवृत्ती घेऊन अभ्यास करण्यासाठी आले. वेदान्ताच्या अभ्यासाचे हे केंद्र पुढे देशभरच्या तत्त्वज्ञांत मान्यता पावले. कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखे विद्वान तेथे राहून गेले. साने यांनी तेथे राहून एम. ए. ची पदवी मिळवली, मात्र त्यांचे मन तेथे रमले नाही. विश्वाच्या मिथ्यात्वाची चर्चा शांत दालनांत चालू असताना बाहेरच्या जगात असहकाराचे वादळ येऊन गेले होते आणि गरिबी तर खिडकीतून दिसत होती. जगाला माया मानणे त्यांना जमण्यासारखे नव्हते. त्यांनी मंदिर सोडले आणि त्याच गावातील शाळेची पायरी चढली. १९२४ च्या जूनमध्ये ते शिक्षक झाले.

छात्रालयातील आई

साने हे दिसायला साधे, स्वभावाने कमालीचे लाजाळू. अंगात खादी, बोलणे हळू. अशा शिक्षकाची मुले प्रारंभी थट्टा करतात, तशी येथेही झाली. वर्गात ते मराठी व संस्कृत शिकवत. पण शिकवणे धड्यापुरते नसे. एखाद्या शब्दावरून ते थोरांच्या चरित्रात जात, तेथून देशाच्या इतिहासात आणि तेथून मुलांच्या स्वतःच्या घरात. वर्ग ऐकू लागला.

त्यांचे खरे कार्यक्षेत्र मात्र शाळेच्या छात्रालयात होते. खेड्यापाड्यांतून आलेली, आईपासून पहिल्यांदाच दूर राहणारी मुले तेथे असत. छात्रालयाची जबाबदारी साने यांच्याकडे आल्यावर त्यांनी शिस्तीचा प्रचलित मार्ग सोडून दिला. मुले शाळेत वा मैदानावर गेली की ते खोल्या झाडून काढीत. अस्ताव्यस्त अंथरुणांच्या वळकट्या करून ठेवीत, कंदिलाच्या काचेवरील काजळी पुसत, मळलेले कपडे धुऊन वाळत घालीत. कोणालाही रागावत नसत. परत आलेल्या मुलाला खोली नीटनेटकी दिसे आणि हे कोणी केले हे कळल्यावर त्याची मान खाली जाई. काही दिवसांत मुले स्वतःच खोल्या झाडू लागली. आजारी मुलाच्या उशाशी रात्र जागून काढणे, फी भरू न शकणाऱ्याला आपल्या पगारातून हातभार लावणे, हे तर नित्याचेच. घर सोडून शिकणाऱ्या मुलाला काय हवे असते, हे दापोली आणि औंधमध्ये उपाशी राहिलेल्या माणसाला कोणी सांगावे लागत नव्हते.

याच छात्रालयात त्यांनी हाताने लिहिलेले दैनिक सुरू केले. नावच 'छात्रालय'. रात्री मुले झोपली की कंदिलाच्या उजेडात साने लिहायला बसत आणि सकाळी मुलांना नवा अंक वाचायला मिळे. त्यात देशविदेशांतील घडामोडी असत, थोरांची चरित्रे असत, साहित्याची ओळख असे आणि छात्रालयातील बारीकसारीक गोष्टींवर प्रेमळ टिप्पणीही असे. एकट्याने लिहिलेले, एकाच प्रतीचे, मोजक्या वाचकांसाठी निघणारे हे दैनिक मराठी पत्रकारितेच्या इतिहासात बहुधा तळटीपेतच राहील. परंतु पुढे 'काँग्रेस' आणि 'साधना' ही साप्ताहिके चालवणारा संपादक येथेच घडला. छात्रालयाबाहेरच्या मुलांसाठी त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिकही काढले. 'धडपडणारी मुले' या त्यांच्या कादंबरीवर अमळनेरच्या या दिवसांची दाट छाया आहे.

पूर्णवेळ शिक्षक, संध्याकाळी सेवक, रात्री संपादक, असा हा क्रम सहा वर्षे चालला. १९३० मध्ये महात्मा गांधींनी दांडीयात्रा काढली. मुलांना देशभक्तांची चरित्रे सांगणाऱ्या शिक्षकाला आता वर्गात थांबणे अशक्य झाले. त्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस साने यांनी शाळेचा राजीनामा दिला. सुरक्षित नोकरी, आवडते काम आणि जिवाभावाची मुले, तिन्ही एकाच वेळी सुटली. लवकरच त्यांना अटक झाली.

तुरुंगाची शाळा

अमळनेरहून धुळे सुमारे ३५ किलोमीटर. शाळेतून निघालेला शिक्षक तेथील तुरुंगात पोहोचला. तेथून त्यांना दूर दक्षिणेत त्रिचनापल्लीला हलवण्यात आले. तेथे दक्षिणेकडील राजबंद्यांच्या सहवासात ते तमिळ शिकू लागले आणि तिरुवल्लुवरांच्या 'कुरळ' या ग्रंथाच्या मराठी अनुवादाकडे वळले. भारतातील एका प्रांताने दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, ही पुढे त्यांनी 'आंतरभारती' या नावाने मांडलेली कल्पना तुरुंगाच्या या भिंतींआड रुजली.

१९३२ मध्ये पुन्हा अटक आणि पुन्हा धुळे. या वेळी त्या तुरुंगात विनोबा भावे होते, जमनालाल बजाज होते आणि खानदेशातले अनेक सत्याग्रही होते. बंद्यांच्या आग्रहावरून विनोबांनी २१ फेब्रुवारीपासून दर रविवारी गीतेवर बोलण्यास प्रारंभ केला. १९ जूनपर्यंत अठरा रविवारी अठरा अध्याय पूर्ण झाले. विनोबा लिहून आणीत नसत. ते बोलत आणि श्रोत्यांत बसलेले साने भरभर लिहून घेत. 'गीताप्रवचने' या नावाने तो ग्रंथ पुढे देशातील अनेक भाषांत गेला. धुळ्याच्या तुरुंगात एक बोलणारा आणि एक लिहिणारा होता म्हणून तो आपल्या हाती आला. वर्गात मुलांना टिपणे घ्यायला लावणारा शिक्षक येथे स्वतः विद्यार्थ्याच्या जागी बसला होता.

यानंतर नाशिकचा तुरुंग. सोबतच्या बंद्यांना रात्री सांगितलेल्या आईच्या आठवणी १९३३ च्या फेब्रुवारीत त्यांनी तेथे कागदावर उतरवल्या. अवघ्या पाच दिवसांत बहुतेक पुस्तक लिहून झाले. ते पुस्तक म्हणजे 'श्यामची आई'. १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये त्यावर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक लाभले. मुलांना रात्री गोष्टी सांगण्याची सवय छात्रालयातील. बदलले होते ते केवळ श्रोते.

बांबूचे नगर, गिरणीचा भोंगा

सुटकेनंतर गुरुजी पुन्हा शाळेत रुजू झाले नाहीत. खानदेशात मात्र राहिले. १९३६ च्या डिसेंबरमध्ये काँग्रेसचे अधिवेशन पूर्व खानदेशातील फैजपूर येथे भरले. खेड्यात भरलेले काँग्रेसचे हे पहिले अधिवेशन. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी गांधीजींच्या इच्छेनुसार बांबू, चटया आणि गावातच मिळणाऱ्या साहित्यातून अधिवेशनाचे नगर सजवले. ते नगर काही दिवसांपुरते होते; आज त्यातील एक बांबूही उरलेला नाही. तरीही खानदेशच्या वास्तुकथेत त्याची नोंद व्हावी. अधिवेशन यशस्वी व्हावे म्हणून गुरुजींनी गावोगाव हिंडून प्रचार केला आणि माणसे जोडली.

१९३८ मध्ये त्यांनी अमळनेरहून 'काँग्रेस' हे साप्ताहिक सुरू केले. शेतसाऱ्यात सूट मिळावी म्हणून पूर्व खानदेशातील शेतकऱ्यांना संघटित केले आणि गिरणी कामगारांच्या बाजूनेही ते उभे राहिले. ज्या गिरणीच्या संपत्तीतून गावातील विद्यासंस्थांना बळ मिळाले, त्याच गिरणीतील कामगारांची बाजू त्या संस्थांत राहिलेला माणूस मांडू लागला. याला कोणी कृतघ्नता म्हणेल. गुरुजींच्या दृष्टीने ती वर्गातल्या शिकवणीचीच पुढची पायरी होती. छात्रालयात जे मूल शिकले त्याचा बाप शेतात राबत होता नाहीतर साच्यावर उभा होता.

१९४२ च्या आंदोलनात ते भूमिगत झाले, पुढे पकडले गेले आणि १९४५ मध्ये सुटले. स्वातंत्र्य दारात असताना पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना बंद आहे, हे त्यांना सोसवले नाही. महाराष्ट्रभर दौरा काढून त्यांनी मंदिरप्रवेशाचा प्रश्न मांडला आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण सुरू केले. मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावर १० मे रोजी ते सुटले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी 'साधना' साप्ताहिकाचा जन्म झाला. गांधीहत्येचा घाव आणि स्वतंत्र देशाच्या वाटचालीने आलेली निराशा यांनी मात्र हे हळवे मन पोखरून टाकले होते. ११ जून १९५० रोजी मुंबईत त्यांनी आपली जीवनयात्रा स्वतःच संपवली. वय अवघे पन्नास.

वारसा कशाचा?

अमळनेरने त्यांची आठवण जपली आहे. १९५२ मध्ये येथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. तब्बल बहात्तर वर्षांनी, २०२४ च्या फेब्रुवारीत, ९७ वे संमेलन पुन्हा अमळनेरात झाले, तेव्हा संमेलननगरीला गुरुजींचेच नाव होते. माणगावजवळ वडघर येथे त्यांचे राष्ट्रीय स्मारक आहे. 'साधना' आजही निघते.

पण स्मारक आणि वारसावास्तू यांत फरक आहे. स्मारक माणसानंतर बांधले जाते. वारसावास्तू त्याच्या आधीपासून उभी असते आणि त्याच्या वावराची साक्ष देते. पुरातत्त्वाचे संरक्षण देणारा केंद्राचा १९५८ चा कायदा वास्तू किमान शंभर वर्षांची असावी, अशी अट घालतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत उभ्या राहिलेल्या शाळा आता एकेक करून ती वयोमर्यादा ओलांडत आहेत. त्या मात्र किल्ल्यांसारख्या ओस पडलेल्या नाहीत; त्यांत रोज घंटा होते, रोज बाके हलतात. पटसंख्या वाढते, वर्ग अपुरे पडतात, कौले गळतात आणि सिमेंटची नवी इमारत स्वस्त व सोयीची वाटते. संस्थाचालकांची ही अडचण खोटी नाही. म्हणूनच अशा शाळांचे जतन म्हणजे त्यांना कुलूप लावून ठेवणे नव्हे. जुन्या खोलीत वर्ग भरत राहावा, गळणारे कौल बदलावे, झरोका बुजवू नये आणि या खोलीत कोण राहून गेले हे तेथे शिकणाऱ्या मुलाला ठाऊक असावे, इतके साधले तरी पुष्कळ आहे.

धुळ्याच्या तुरुंगात गीतेचा वर्ग भरला. नाशिकच्या बराकीत आईची गोष्ट सांगितली गेली. गुरुजी जेथे गेले तेथे शाळा झाली. त्याला इमारतीची आवश्यकता भासली नाही. मग भिंती जपायच्या कशासाठी, असे कोणी विचारू शकेल. उत्तर छात्रालयाच्या त्या झाडलेल्या खोलीत आहे. मुलगा परत आला, त्याने नीट घडी घातलेले अंथरूण पाहिले आणि न बोलता त्याला जे समजायचे ते समजले. जागा नीट राखलेली दिसली की ती राखणारा आपोआप आठवतो. गुरुजींनी मुलांसाठी खोली राखली. त्यांच्या मागे ती राखण्याची पाळी आता आपली आहे.